डोक्यावरचं सूप

“मोठ्याने बोल की रे! माशीचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा असतो,” शेजारची जांगसानवाली म्हणाली.

दूसिक तिच्या अंगणात उभा होता. डोक्यावर पालथं सूप आणि हातात रिकामा वाडगा. सुपाची कड नाकापर्यंत आली होती, त्यामुळे त्याचे डोळे दिसत नव्हते.

“मीठ द्या,” तो म्हणाला.

“कशाला हवंय मीठ? लोणचं घालणार आहेस?”

“अंथरुणात झाली.”

“काय झाली? बहीण झाली तुला?”

कुंपणाच्या भिंतीपलीकडे जमलेल्या बायका खिदळल्या. कुणीतरी म्हणालं, “मिठागरवाल्याचं पोर मीठ मागतंय बघा! उद्या कोळ्याचं पोर मासळी मागत येईल.” जांगसानवालीने भाताचा लाकडी डाव उचलला आणि सुपावर फाडफाड हाणला. “परत करशील? बोल, परत करशील?” मग मूठभर मीठ त्याच्या अंगावर उधळलं आणि उरलेलं वाडग्यात टाकलं. दूसिक वळला आणि तसाच, डोक्यावरचं सूप न काढता घरी निघाला. चालताना दोनदा ठेचकाळला.

ही रीत आमच्या मुलखात सगळीकडेच होती. रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या पोराला सकाळी डोक्यावर सूप घालून शेजारी मीठ मागायला धाडायचं. पोर शरमतं, आणि शरमलं की सुधारतं, असा आमचा समज. मीही ते सूप डोक्यावर घेतलेलं आहे. पण आम्ही ते घेतलं ते चार-पाच वर्षांचे असताना. दूसिकला नववं सरलं होतं.

त्याचा बाप मानसू आपल्या भिंतीशी टाचा उंचावून हे सगळं बघत होता, आणि हसण्यात तो सगळ्यांच्या पुढे होता. त्याची बायको पिलसुन मागे चुलीपाशी उभी होती. ती हसली नाही, पण तिकडे लक्ष कोण देतो.

मानसूला बेटावर कुणी मानसू म्हणत नसे. त्याला शेंगदाणा म्हणत. पोरं म्हणत, म्हातारे म्हणत, मिठागराचा मालक हजेरी घेतानाही तेच नाव घेई. इतका तो ठेंगणा होता. तरुणपणी फौजेच्या तपासणीला गेला, तर दांडीखाली उभं करून त्यांनी त्याला परत पाठवला. सगळ्या गावाची पोरं फौजेत जाऊन शिव्या आणि गाणी शिकून आली. मानसू मिठागरावरच राहिला. खाडीचं पाणी वाफ्यांत चढवायला पायरहाट असतो, माणसाने त्याच्या फळ्यांवर पाय देत चालायचं, आपल्या वजनाने चाक फिरतं. मानसूच्या वजनाने ते फिरेना. मग तो पाठीला मिठाचं पोतं बांधून चाले. उन्हाळ्यात लोक मुद्दाम ते बघायला थांबायचे. आम्हीही थांबायचो.

तो चिडायचा नाही. स्वतःच आपल्यावर विनोद करायचा, म्हणजे दुसऱ्याला करायला उरत नाहीत. पण त्याला एक भीती होती आणि ती त्याने पिलसुनखेरीज कुणाला सांगितलेली नव्हती. दूसिक वर्गात सगळ्यात पुढे उभा राहायचा. रांग उंचीप्रमाणे लागते.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि मिठाचा हंगाम संपायच्या सुमारास शरदात, शहरातल्या वैद्यकीय कॉलेजची बोट येई. आम्ही तिला मोजणीची बोट म्हणायचो. काही पोरं वाढत का नाहीत याचा तिथे अभ्यास चालला होता, आणि बेटावरची पोरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच मातीतली, म्हणून त्यांना ती बरी वाटत असावीत. ग्वाक नावाच्या डॉक्टरबाई येत. शाळेच्या व्हरांड्यात त्या लाकडी खांब उभा करत, पोरांना भिंतीसारखं ताठ करत, त्यांच्या मनगटांच्या हाडांचे फोटो काढत. मागच्या वसंतात त्यांनी दूसिकच्या मनगटाचा फोटो उजेडात धरून मानसूला दाखवला होता.

“याची हाडं वयाच्या मानाने लहान आहेत, दूसिकचे बाबा. म्हणजे अजून वाढायला जागा आहे. घाबरू नका, वाट बघू.”

मानसूने त्यातलं ‘जागा आहे’ तेवढं उचललं. त्या दिवशी तो दुकानात बसून ज्याला त्याला सांगत होता, “जागा आहे म्हणाल्या! हाडांत जागा आहे!” जणू पोराच्या अंगात एखादी खोली रिकामी ठेवली होती आणि आता भाडेकरू येणार होता.

आणि शरद लागला तसा भाडेकरू आला असं त्याला वाटलं. दूसिक बकासुरासारखा जेवायला लागला. जवाचा भात, समुद्रशेवाळाचं सार, वाळवलेला मासा, आईच्या ताटातला उरलेलाही. पाणी तर विचारू नका. स्वयंपाकघरातल्या रांजणात पाणी काढायचा वाळक्या भोपळ्याचा डोण घालायचा आणि घटाघटा प्यायचा, एक संपला की दुसरा. आणि तरीही वाळत चालला. गालफडं बसली, मान देठासारखी झाली.

“काही अंगी लागत नाही हो याच्या,” पिलसुन म्हणायची.

“अंगी कसं लागेल? उंचीला लागतंय!”

हे मानसूचं एकट्याचं म्हणणं नव्हतं. आमच्याकडे वाढत्या वयाचं पोर रोडावलं की सगळे असंच म्हणतात, मांस उंचीला जातंय, आणि आईबापांचं अभिनंदन करतात. जांगसानवालीने स्वतः दूसिकचा दंड चिमटीत धरून म्हटलं होतं, “भावजी, मांस चाललं वर! पुढच्या वर्षी हा तुमच्या टकलावरून हात फिरवणार.” मानसू त्यावर आठवडाभर खूश होता. त्याने दाराच्या खांबावर पोराला उभं करून रेघ मारली. नवी रेघ जुन्या रेघेवरच पडत होती. त्याने पोराचे केस जरा वर ओढले आणि पुन्हा मारली.

त्यात ते अंथरूण ओलं व्हायला लागलं. आधी एक रात्र, मग रोजच. मानसूनेच सूप काढलं. सुपाला आमच्या भाषेत ‘की’ म्हणतात. आणि माणसाच्या उंचीलाही ‘की’च म्हणतात. तो पोराच्या डोक्यावर सूप ठेवताना म्हणाला, “चल, ‘की’ डोक्यावर घेतलीस म्हणजे तुझी ‘की’सुद्धा वाढेल.” आपल्या विनोदावर तो इतका हसला की त्याला खोकला आला.

दूसिकला तीन सकाळी सूप घेऊन जावं लागलं. तिसऱ्या सकाळी शाळेची पोरंही बघायला आली.

मग ते थांबलं.

“बघ!” मानसू कोरडी गादी पिलसुनच्या नाकासमोर नाचवत म्हणाला. “आमच्या बापजाद्यांना अक्कल नव्हती म्हणतेस?”

“मी कधी म्हणाले?” पिलसुन म्हणाली. “अहो, पण त्याच्याकडे बघा तरी. तो उठत नाहीये.”

“वाढणारं पोर झोपतंच.”

“ओठ बघा त्याचे. भेगा पडल्यात. बोटीने शहरात नेऊ या. मला भीती वाटते हो.”

“मोजणीची बोट येतेय ना आता! डॉक्टरीणबाई स्वतः येतायत. तिथे तपासायला पैसे घालायचे आणि इथे त्या फुकट बघणार. आणि आजारी म्हणून आधीच शहरात नेला, तर मोजणीतून नाव काढतील त्याचं.”

पिलसुनला या दुखण्यासाठी शब्द सापडत नव्हता. आमच्या बेटावर साखरेचा आजार म्हणजे मिठागराच्या मालकासारख्या पोट सुटलेल्या म्हाताऱ्यांचा. तो एका काडीसारख्या पोराला होतो हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिला फक्त एवढंच दिसत होतं की आपलं पोर रोज थोडंथोडं कमी होतंय. ती भांडी घासताना मध्येच उठून आत जाऊन बघून यायची. दाराआडून नुसतं बघायची आणि परत यायची.

बोट यायची त्या सकाळी दूसिक ओकला. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिला. मानसू म्हणाला, अपचन झालंय. त्याने पोराच्या अंगठ्याला दोरा करकचून बांधला, शिवणाची सुई केसांवर घासली आणि नखामागे टोचली. अपचनाला आम्ही हेच करतो, काळं रक्त बाहेर पडलं की पोट मोकळं होतं म्हणतात. एरवी दूसिक या सुईला घाबरून अंगणभर पळायचा. आज त्याने हात मागेही घेतला नाही. रक्ताचा थेंब आला, घट्ट, मधासारखा.

“बघ, काळं आहे,” मानसू म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

कारण पोर आता वेगळाच श्वास घेत होतं. डोंगर चढून आल्यासारखा, खोल, भराभर, आणि पडलेलं मात्र जमिनीवर. छाती वर यायची आणि फासळ्या मोजता येतील इतक्या दिसायच्या. मानसूने त्याला हाक मारली. दूसिकने डोळे उघडले, पण ते बापावर थांबले नाहीत, छतावर फिरून मिटले.

तेव्हा मानसूला पहिल्यांदा भीती वाटली. आतापर्यंत वाटत होती ती पोर ठेंगणं राहण्याची. ही दुसरी होती.

“बोट आली का बघ,” तो म्हणाला.

“धुकं आहे,” पिलसुन म्हणाली. “समोरचा बांध दिसत नाही. कशी येईल बोट?” आणि मग ती ओरडली, लग्न होऊन आल्यापासून कधी ओरडली नव्हती तशी. “मी सांगत होते! मी सांगत होते तुम्हाला!”

मानसू दाराबाहेर जायचा, धुक्यात कान देऊन उभा राहायचा, आणि पुन्हा आत यायचा. आत आला की आधी पोराची छाती हलते का ते बघायचा. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी पांढऱ्या धुक्यातून इंजिनाची फटफट ऐकू आली, तशी त्याने पोराला पाठीवर घेतलं. पिलसुनने चादरीने बांधलं. मानसू धावत सुटला.

मिठाचं पोतं पाठीला बांधून वर्षानुवर्षं चाक फिरवलेला माणूस तो. पाठीवरच्या ओझ्याचा अंदाज त्याला पायांत कळायचा. आणि आज पायांना काही कळतच नव्हतं, पाठीवर काही नव्हतंच. फक्त मानेवर गरम श्वास लागत होता. तो श्वास लागतोय तोवर ठीक आहे, असं तो स्वतःशी म्हणत होता. मध्येच लागेनासा झाला की तो थबकायचा, आणि पुन्हा लागला की धावायचा.

शाळेच्या व्हरांड्यात ग्वाक बाईंचे विद्यार्थी खांब उभा करत होते. पोरांची रांग लागली होती. मानसू रांगेतून घुसला आणि खांबापाशी गुडघ्यावर बसला. त्याला म्हणायचं होतं, माझं पोर मरतंय. पण तोंडातून जे आलं ते वेगळंच आलं.

“बाई,” तो म्हणाला, “याला आधी मोजून घ्या.”

रांगेतली एक मुलगी हसली. ग्वाक बाई हसल्या नाहीत. त्यांनी चादर सोडली, पोराच्या तोंडाशी तोंड नेलं आणि वास घेतला. पिकून उतरलेल्या सफरचंदासारखा वास येत होता. तो पिलसुनलाही दोन दिवस येत होता आणि तिला वाटलं होतं, पोराने कुठे तरी फळ चोरून खाल्लं. बाईंनी त्याचा हात धरला, अंगठ्यावर सुईचं भोक बघितलं आणि शेजारच्या बोटाला टोचलं. थेंब एका कागदी पट्टीवर घेतला. पट्टीचा रंग बदलत गेला, हिरवा झाला, गडद झाला, आणि डबीवरच्या शेवटच्या चौकटीच्याही पुढे गेला.

“खूप पाणी प्यायचा का हा?”

“प्यायचा,” पिलसुन म्हणाली. “आता नाही पीत.”

“लघवी?”

“अंथरुणात करायचा. आम्ही…” तिने मानसूकडे बघितलं. “आता थांबलीय.”

बाईंनी पट्टी खिशात टाकली. “बोटवाल्याला सांगा, वळव. आत्ताच्या आत्ता. याला साखरेचा आजार आहे, आणि तो फार पुढे गेलाय.”

“पोराला? साखरेचा?”

“पोरांनाही होतो.”

“तुम्ही सुई द्या ना बाई. तुम्ही डॉक्टर आहात ना!”

“माझ्याकडे मोजायची साधनं आहेत, औषध नाही,” ग्वाक बाई म्हणाल्या. त्यांनी त्या खांबाकडे, फोटोच्या यंत्राकडे, फितींकडे एकदा बघितलं. त्याही घाबरल्या होत्या, आणि ते पाहून मानसूची उरलीसुरली ताकद गेली.

धक्क्यावर वेगळंच संकट होतं. ओहोटी लागली होती. आमच्याकडे ओहोटी लागली की समुद्र मागे जातो आणि मैलभर नुसता चिखल उरतो. बोटीचं बूड गाळाला लागलं होतं. बोटवाला हात हलवत म्हणाला, “भरतीपर्यंत विसरा.” ग्वाक बाई त्याला म्हणाल्या, “भरतीपर्यंत हा राहणार नाही.” त्या हळू आवाजात म्हणाल्या, तरी धक्क्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं.

सगळ्यात आधी चिखलात उतरली ती जांगसानवाली. घागरा कमरेला खोचून ती मांड्यांपर्यंत आत गेली आणि बोटीला खांदा लावला. मग आम्ही सगळे उतरलो. मिठागराचा मालकसुद्धा. “हाणा! हाणा रे!” ती ओरडत होती, आणि ओरडता ओरडता रडत होती. बोट हलत नव्हती, मग थोडी हलली, गाळाने सुस्कारा सोडला, आणि ती पाण्यात गेली. मानसू, पिलसुन आणि बाई पोराला घेऊन धुक्यात दिसेनासे झाले. आम्ही चिखलात तसेच उभे राहिलो. कुणाला घरी जावंसं वाटेना. फटफट ऐकू येईनाशी झाल्यावर सूप आठवून कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

बोटीतलं पुढचं मला पिलसुनने सांगितलं, फार उशिरा.

बाईंनी फडकं ओलं करून दूसिकच्या ओठांना लावलं. इतका वेळ हालचाल न करणाऱ्या पोराने दात घट्ट आवळले आणि मान फिरवली. त्यांनी पुन्हा लावलं. त्याने पुन्हा फिरवली.

“पाणी नको,” तो पुटपुटला. “नाही प्यायलो. बाबा, मी नाही प्यायलो.”

“काय म्हणतोय हा?” बाईंनी विचारलं.

मानसूने कान त्याच्या तोंडाशी नेला.

“प्यायलो नाही. रांजणाला हात नाही लावला. सूप नको.”

ग्वाक बाईंना काही समजलं नाही, मग समजलं. त्यांचा चेहरा उतरला. “तहानेने जीव चालला होता याचा,” त्या म्हणाल्या, “आणि यानं पाणी बंद केलं? कधीपासून?”

इंजिन फटफटत होतं. गादी कोरडी झाली त्या सकाळी आपण ती कशी नाचवली, ते मानसूला दिसलं. पोर अंगात आग घेऊन रांजणाशेजारी झोपत होतं आणि हात लावत नव्हतं, आपल्या एका विनोदाच्या धाकाने. मानसूने बोटीच्या काठावर डोकं आपटून घेतलं. पिलसुनने त्याला थांबवलं नाही. तिचं म्हणणं, तिला त्या वेळी त्याला समुद्रात ढकलावंसं वाटत होतं. मग तिने बघितलं, तर त्याचे पाय बाकावरून खाली टेकत नव्हते, लहान मुलासारखे लोंबत होते. तिने त्याचा हात धरला.

दवाखान्यात त्यांना दाराबाहेर बसवलं. आत काय चाललंय ते कुणी सांगेना. पांढऱ्या कपड्यातलं कुणीही बाहेर आलं की मानसू उठून उभा राहायचा आणि ते न थांबता गेलं की बसायचा. दार उघडायच्या आवाजाची त्याला इतकी धास्ती बसली की नंतर कित्येक वर्षं तो घराचं दार उघडंच ठेवायचा. सकाळी ग्वाक बाई आल्या, डोळे लाल झालेले. म्हणाल्या, “धोका टळला.” पुढे म्हणाल्या, “आजार टळला नाही. तो राहणार. रोज सुई घ्यावी लागेल, जन्मभर. सुई चुकली की पुन्हा हेच.”

मानसूने मान हलवली. रोज म्हणजे रोज, जन्मभर म्हणजे जन्मभर. तो मिठागरात राबणारा माणूस, त्याला रोजचा अर्थ माहीत होता.

“आणि उंचीचं,” बाईंनी आपणहून काढलं, “साखर सांभाळली तर वाढेल. माझं म्हणणं बदललेलं नाही, जागा आहे.”

“नका, बाई,” मानसू म्हणाला. “तो शब्द नका.”

सुई टोचायला तो नर्सकडून शिकला, आधी स्वतःच्या मांडीवर, मग पोराच्या. टोचायच्या आधी तो तीनतीनदा जागा पुसत बसायचा आणि दूसिक त्याला धीर द्यायचा, “टोचा बाबा, दुखत नाही.” तिथे तो पाणी प्यायचा, नर्सने दिलं की. घरी परतताना बोटीत मात्र त्याने विचारलं, “जांगसानवाल्या काकू धक्क्यावर असतील का?”

त्या होत्या. सगळेच होते. कुणी काही बोललं नाही, आणि न बोलणं पोराला बोलण्यापेक्षा जास्त टोचलं. तो मान खाली घालून घरी गेला. सुईच्या औषधाच्या बाटल्या थंड ठेवायच्या होत्या आणि बेटावर बर्फाची पेटी एकट्या जांगसानवालीच्या दुकानात होती. तिने बर्फाच्या गोळ्यांचे डबे बाहेर काढून त्यांना जागा केली. पण मानसूच्या घरी एक नवीनच गोष्ट सुरू झाली. दूसिक रांजणाकडे जाईना.

“पी की रे राजा,” पिलसुन म्हणायची.

“तहान नाही.”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना?”

“मग रात्री झाली तर?”

“झाली तर झाली! गादी वाळत घालू.”

तो मान हलवायचा. ऐकायचा, पण विश्वास ठेवायचा नाही. ज्यांनी एकदा सूप डोक्यावर ठेवलं ते पुन्हा ठेवणार नाहीत कशावरून? संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ पुन्हा कोरडे पडले. पिलसुनने मानसूकडे बघितलं आणि मानसूला तो धुक्यातला श्वास पुन्हा मानेवर लागला. सगळं पुन्हा सुरू होणार होतं. सुई त्याला शिकवली होती, यावर सुई नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं वर आल्यावर, बायका विहिरीवर आणि माणसं मिठागराच्या वाटेवर असताना, मानसू घरातून बाहेर पडला. त्याच्या डोक्यावर सूप होतं. हातात रिकामा वाडगा.

आम्ही बघतच राहिलो. सूप त्याच्या खांद्यांपर्यंत आलं होतं, त्याखाली तो आणखीच आखूड दिसत होता. एखादं सूपच पाय फुटून चाललंय असं वाटत होतं. जन्मभर ज्या हसण्यापासून तो पळाला, त्याच्या मधोमध तो आपल्या पायांनी चालत गेला, आणि जांगसानवालीच्या अंगणात उभा राहिला.

“वहिनी, मीठ द्या.”

जांगसानवाली दारात आली. तिच्या हातातली टोपली खाली पडली. “भावजी, हे काय?”

“मीठ हवंय.”

“अहो, तुमच्या पडवीत मिठाची रास…”

“विचारा ना, कशाला हवंय म्हणून.”

ती विचारेना. मग तो स्वतःच बोलला, मिठागराच्या पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “रात्री मी अंथरूण ओलं केलं! मी, मानसूनं! भीतीनं झाली. आणि उद्याही होईल, परवाही होईल!”

कुणी हसलं नाही. मला वाटतं, त्याला आम्ही हसायला हवे होतो, पण आम्हाला ते जमलं नाही.

“डाव घ्या,” तो हळू म्हणाला. “मारा, वहिनी. रीत आहे.”

“नाही हो मला जमणार.”

“तो बघतोय.”

तिने मान वर केली. भिंतीपलीकडे दूसिकचे केस आणि डोळे दिसत होते, टाचा उंचावलेल्या असाव्यात. जांगसानवाली आत गेली आणि भाताचा डाव घेऊन आली. तिचा हात वर गेला, तिथेच अडकला, आणि मग सुपावर एकदा टेकला, आवाजही झाला नाही.

“परत करशील?” ती म्हणाली.

“करेन,” मानसू म्हणाला. “कुणाचं काय जातंय?”

भिंतीवरचे केस दिसेनासे झाले. मग त्यांच्या स्वयंपाकघरातून रांजणावरचं लाकडी झाकण सरकवल्याचा आवाज आला, डोण पाण्यात बुडल्याचा आवाज आला, आणि मग पोर पाणी प्यायला लागलं. आम्ही विहिरीवर, वाटेवर, जिथे होतो तिथे उभे राहून ते ऐकत होतो. त्याने पहिला डोण संपवला आणि दुसरा भरला.

मानसूने सूप काढलं नाही. वाडग्यात मीठ पडेपर्यंत तो तसाच उभा होता.